वाचकांचे प्रश्न : रविवारची रपेट सोडून मैदानावर उभे राहताना

प्रश्न : मी मिरजेत राहतो. वय ४६, नोकरी बँकेत. गेली चौदा वर्षे हौसेने सायकल चालवतो आहे. दर रविवारी दंडोबाच्या डोंगरापर्यंत जाऊन येतो, वर्षातून एक-दोनदा आंबोलीचा घाट चढतो आणि गेल्या हंगामात २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या चारही बीआरएम (लांब पल्ल्याच्या, वेळेची मर्यादा असलेल्या सायकलफेऱ्या) ठरलेल्या वेळेत पूर्ण केल्या. आमच्या कॉलनीतली आणि जवळच्या एका शाळेतली मिळून पंधरा-सोळा मुले-मुली (वय ९ ते १५) ‘काका, आम्हालाही शिकवा’ म्हणून मागे लागली आहेत. रविवारी सकाळी शाळेचे मैदान वापरा, असे मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितले आहे. मला मोबदला नको आहे. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र माझ्याकडे नाही, ते आधी घ्यावे का? सुरुवात कशापासून करावी? मुलांना रस्त्यावर कधी न्यावे? आणि काही कमी-जास्त झाले तर जबाबदारी कोणाची?
— एक वाचक, मिरज

उत्तर : चारही बीआरएम एकाच हंगामात पूर्ण करून तुम्ही ‘सुपर रॅन्डोनियर’ झालात, त्याबद्दल आधी अभिनंदन. ६०० किलोमीटर ४० तासांत संपवणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता विजेरीच्या उजेडात पंक्चर काढणे, भूक लागण्याआधी खाणे आणि चिडचिड गिळून पुढे जाणे, हे सारे सवयीचे झालेले असते. यांपैकी पंक्चर काढणे आणि चिडचिड गिळणे या दोन गोष्टी तुम्हाला मैदानावर रोज उपयोगी पडतील. बाकीचा अनुभव बराच काळ बाजूला ठेवावा लागेल, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, परंतु तुमच्या स्वतःच्या रविवारच्या रपेटीचे काय होणार, हा पाचवा प्रश्न विचारलेला नाही. मुलांचा वर्ग दोन तासांचा असला तरी अर्धा तास आधी जाऊन मैदान आखावे लागते आणि शेवटच्या मुलाचे आईवडील येईपर्यंत अर्धा तास थांबावे लागते, तोवर ऊन डोक्यावर आलेले असते आणि दंडोबा राहून जातो. ‘मुलांनाही घेऊन जाऊ, म्हणजे त्यांचेही होईल आणि माझेही होईल’ असा मधला मार्ग अनेक हौशी सायकलस्वार काढतात. मीही काढला होता, त्याची गोष्ट सांगतो.

सतरा वर्षांपूर्वीचा माझा पहिला रविवार होता. अकरा मुले घेऊन मी बारा किलोमीटरवरच्या एका फाट्यापर्यंत निघालो आणि सवयीने सर्वांत पुढे राहिलो. फाट्यावर थांबून मोजले तर मुले दहाच भरली. अकरावा, नऊ वर्षांचा मुलगा, चार किलोमीटर मागे एका रसवंतीच्या बाकावर बसलेला सापडला. त्याची चेन उतरून फ्रीव्हील आणि फ्रेम यांच्यामध्ये अडकली होती, हात कोपरापर्यंत काळे झाले होते, रसवंतीवाल्याने त्याला पेलाभर रस दिला होता आणि वडिलांचा फोन नंबर काय, असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मुलाला नंबर पाठ नव्हता आणि माझ्यापाशी तो लिहिलेला नव्हता. त्या दिवसापासून मी रांगेत शेवटचा असतो आणि प्रत्येक सायकलच्या सीटखाली, पारदर्शक चिकटपट्टीत गुंडाळलेल्या चिठ्ठीवर, घरचे दोन फोन नंबर असतात. शेवटच्या मुलाच्या मागे, त्याच्याच वेगाने चालणे हे चौदा वर्षे सायकल चालवलेल्या माणसाच्या पायांना फार जड जाते. तेव्हा स्वतःसाठी आठवड्यातली दुसरी एखादी पहाट राखून ठेवा. तसे केले नाही, तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही मुलांवर विनाकारण ओरडू लागाल.

आता प्रमाणपत्राविषयी. मोबदला न घेता मुलांना सायकल शिकवण्यासाठी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र हवेच, असे बंधन नाही. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम क्रीडाशिक्षकांच्या परिचयाचा आहे. मुलांना स्पर्धेत उतरवण्यापर्यंत मजल गेली, तर त्या वर्षीच्या माहितीपत्रकात सायकलिंगचा समावेश आहे का, हे पाहून अर्ज करावा. मात्र बँकेतून सहा आठवड्यांची रजा मिळेपर्यंत मुलांना थांबवून ठेवण्याचे कारण नाही. त्याआधी दोन कागद हातात असावेत, असा माझा आग्रह आहे. पहिला प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाचा, जे सेंट जॉन अँब्युलन्ससारख्या संस्था देतात. दुसरा पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला. ब्रिटनमध्ये सायकल क्लबात मुलांना शिकवू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाची अशी पडताळणी आधी होते आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. आपल्याकडे तुम्हाला तो दाखला बहुधा कोणी मागणार नाही, म्हणूनच तुम्ही तो न मागता मुख्याध्यापकांच्या हाती द्यावा. पुढे कोणी दुसरा स्वयंसेवक आला की त्याच्याकडे तो मागताना तुम्हाला संकोच वाटणार नाही.

सुरुवात मुलांपासून न करता त्यांच्या सायकलींपासून करावी. पहिला रविवार पूर्णपणे सायकली तपासण्यात गेला तरी चालेल. आपल्याकडे शाळेचा गणवेश जसा दोन वर्षे पुरावा म्हणून ढगळ शिवतात, तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतली जाते, त्यामुळे दहा वर्षांचे मूल चौदा वर्षांच्या मुलाच्या सायकलवर टांगलेले दिसते. सीट किती उंच असावी याची सोपी खूण अशी, की पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. पण ज्याला अजून तोल येत नाही, त्याची सीट दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी खाली घ्यावी, पायडल काढून ठेवावेत आणि त्याला पायांनी जमीन ढकलत फिरू द्यावे. दोन-तीन सकाळींत बहुतेक मुलांना तोल येतो. मागून सीट धरून धावणाऱ्या बापापेक्षा ही पद्धत बरी आहे, आणि बापाच्या कमरेलाही बरी आहे.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इकडे हौशी सायकलस्वाराचे हमखास दुर्लक्ष होते. माझ्याकडे दहा वर्षांची एक मुलगी होती. लहानसा उतार आला तरी ती उतरून चालू लागे आणि घरचे, शेजारचे, अगदी मीही, ‘ती भित्री आहे’ असे धरून चाललो होतो. एके दिवशी तिला सायकलवर बसवून ब्रेक दाबायला सांगितले आणि मी तिच्या बोटांकडे पाहिले. तिची मधली दोन बोटे दांडीला कशीबशी टोकाने लागत होती, त्यामुळे ब्रेक दाबायचा तर तिला हँडलची मूठच सोडावी लागत होती. ब्रेकच्या दांडीजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की दांडी हँडलच्या जवळ येते. अडीच फेरे दिले, केबल थोडी सैल केली आणि त्याच सकाळी ती मुलगी उतारावरून बसून खाली आली. मुलाच्या भीतीचे कारण त्याच्या मनात शोधण्याआधी त्याच्या सायकलीत शोधावे, हे मला त्या स्क्रूने शिकवले. आणखी एक तपासणी अशी, की आपल्या देशात बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण दुकानात जोडणी करताना उलटे झालेली सायकल मधूनच निघते. सरावाआधी प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहावेत.

मैदानावर फक्कीने आखलेल्या रेघा आणि वाळू भरलेल्या पाण्याच्या बाटल्या एवढ्या साहित्यावर पहिले तीन महिने निघतात. एका आडव्या रेघेवर पुढचे चाक अचूक थांबवणे, बाटल्यांमधून नागमोडी जाणे, इंग्रजी आठचा आकडा काढणे, एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने वळण्याचा इशारा देणे, असे साधे खेळ असावेत. माझ्या मते यांत सर्वांत मोलाचा खेळ मागे वळून पाहण्याचा आहे. मूल सरळ रेघेवरून जात असते, तुम्ही मागे उभे राहून काही बोटे वर करता, त्याने रेघ न सोडता मान वळवून किती बोटे आहेत ते ओरडून सांगायचे. सुरुवातीला दहापैकी आठ मुले जिकडे मान वळवतात तिकडेच सायकलही नेतात. रस्त्यावर नेमके हेच घडते आणि मागून येणाऱ्या वाहनापुढे सायकल जाते, म्हणून या खेळात पास झाल्याशिवाय माझ्याकडे कोणालाही फाटकाबाहेर नेत नाहीत. दुसरा माझ्या आवडीचा खेळ म्हणजे गणेशोत्सवात आणि शाळेच्या क्रीडादिनाला होणारी स्लो सायकलिंगची शर्यत. सर्वांत शेवटी पोहोचणारा जिंकतो, त्यामुळे वेगवान मुलांचा तोरा उतरतो आणि एरवी मागे राहणारी मुले पहिली येतात. तोल, ब्रेक आणि नजर या तिन्हींचा कस त्या वीस मीटरमध्ये लागतो.

इतके करूनही मुले विचारतील की शर्यत कधी, घाट कधी. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात सर्वांत आधी माथा गाठणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात, हे त्यांनी कुठून तरी ऐकलेले असते आणि प्रत्येकाला तेच व्हायचे असते. ते स्वप्न मोडू नका, पण त्यासाठी लागणारी पहिली सवय वेगळी आहे, हे दाखवून द्या. मुलांना सर्वांत जड गिअर टाकून, अंग हेलकावत पायडल मारण्यात पराक्रम वाटतो. तुम्ही दहा सेकंद घड्याळ लावून त्यांचा उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा. चौदा-पंधरा वेळा आला, तर मिनिटाला ८४ ते ९० फेरे होतात आणि सपाट रस्त्यावर तेवढे पुरेसे आहेत. सात-आठच येत असतील, तर गिअर हलका करायला सांगा. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानेही २०२२ अखेरपर्यंत १७-१८ वर्षांच्या कनिष्ठ गटाला रस्त्यावरच्या शर्यतींत पायडलच्या एका फेऱ्यात ७.९३ मीटरपेक्षा अधिक अंतर कापणारा गिअर वापरू दिला नव्हता. त्या गटापुरते ते बंधन २०२३ पासून उठले. माझ्या मैदानावर ते उठलेले नाही. गिअरच्या सायकलला मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागावर, जो मर्यादा घालणारा स्क्रू असतो, तो थोडा आत घेतला की चेन सर्वांत लहान चक्रावर जातच नाही आणि वाद मिटतो.

या वयात, विशेषतः अंग झपाट्याने वाढत असताना, गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागल्याची तक्रार वारंवार येते. वाढत्या हाडाला स्नायूंचा ताण सोसवत नसल्याचे ते लक्षण असू शकते. ‘चालवून चालवून बरे होईल’ असे म्हणू नये, सराव कमी करावा आणि डॉक्टरांकडे पाठवावे. तुम्ही स्वतः पाळता तो हृदयगतीचा तक्ता, आठवड्याचे किलोमीटर, वजनाची नोंद, यांतले काहीही चौदा वर्षांखालील मुलांना देऊ नका. वजनाविषयी तर एक शब्दही काढू नका, मुलींच्या बाबतीत आणि मुलांच्याही. जी मुले आठवड्यात खो-खो किंवा पोहणे करतात, त्यांना ‘आता एकच खेळ निवडा’ असे सांगण्याची घाई मी पंधराव्या वर्षाआधी कधी केलेली नाही.

रस्त्यावर केव्हा न्यावे, या प्रश्नाला महिन्यांत उत्तर देता येत नाही. मागे पाहणे, एका हाताने चालवणे, ठरलेल्या रेघेवर थांबणे आणि पुढच्या सायकलपासून अंतर राखून रांगेत राहणे, हे ज्याला न सांगता जमते तो तयार झाला. सहा-सहांच्या एकेरी रांगा कराव्यात, प्रत्येक रांगेपुढे एक व मागे एक मोठा माणूस असावा, हेल्मेटशिवाय कोणी निघू नये, आणि कोणाचे हेल्मेट विसरले तर त्याच्यासह तुम्हीही मैदानावर थांबावे, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही. तुमच्या भागाबद्दल एक खास सूचना आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. त्या काळात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेच्या धुक्यात, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसताना, रस्त्यावर असतात, उसाचे पेर सांडलेले असतात आणि चेंगरलेल्या उसाच्या रसाने डांबर निसरडे होते. तुम्ही स्वतः त्यातून वाट काढत असालच, परंतु मुलांना त्या महिन्यांत मैदान आणि कॉलनीतले अंतर्गत रस्तेच पुरेत. एप्रिल-मे मध्ये साडेआठच्या आत सराव संपवावा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी वाजवून सर्वांना एकदम पाणी प्यायला लावावे, कारण खेळात रमलेले मूल तहान लागली असे स्वतःहून सांगत नाही.

जबाबदारीच्या प्रश्नात पहिली गोष्ट तोंडी परवानगीची. ती लेखी करून घ्या, कारण मुख्याध्यापक बदलून जातात. प्रत्येक पालकाचे संमतिपत्र घ्या आणि त्यात दमा, फिट, अॅलर्जी, चालू औषधे आणि पालक न सापडल्यास कोणाला कळवायचे, हे विचारा. दम्याच्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात घरी राहून उपयोग नाही, तो तुमच्या पिशवीत हवा. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या मुलांनाही पाठ असावा. गट वाढला तर संस्था नोंदवून सामूहिक अपघात विमा घेणे सोयीचे पडते. तोवर पालकांशी बोलून काय करायचे ते ठरवा आणि जे ठरेल ते लिहून ठेवा. मोबदला नको म्हणता ते योग्यच आहे, पण पंक्चरचे पॅच, फक्की आणि प्रथमोपचाराची पेटी यांचा खर्च खिशातून करत राहू नका. महिन्याची लहानशी वर्गणी आणि वहीत हिशेब असला की फुकट मिळालेल्या गोष्टीकडे लोक जसे पाहतात तसे तुमच्या वर्गाकडे पाहत नाहीत.

शेवटचा मुद्दा नाजूक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मैदानावर कायम दोन मोठी माणसे हवीत आणि त्यांतली एक शक्यतो स्त्री असावी. कोणत्याही मुलाला वा मुलीला एकट्याने तुमच्या गाडीतून घरी सोडू नका, एकेका मुलाशी स्वतंत्र निरोपांची देवाणघेवाण न करता पालकांचा गट असावा, आणि बसण्याची ढब सुधारण्यासाठी खांद्याला किंवा पाठीला हात लावायचा तर आधी विचारा. यात तुमच्या सज्जनपणावर संशय नाही. उद्या एखाद्या मुलाने घरी किंवा शाळेत त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आल्याचे तुम्हाला सांगितले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) ते पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘घरचे प्रकरण’ म्हणून गप्प बसणे हा त्या कायद्यात गुन्हा आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी मैदानाच्या फलकावर लिहून ठेवावी.

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातील माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. माझ्या शाळेत २२ मुली चार-पाच किलोमीटरवरून सायकलने येतात. बऱ्याच सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या, बिनगिअरच्या आहेत. मी कॉलेजात असताना सायकल शर्यतींत भाग घेत असे. या मुलींना शर्यतींसाठी तयार करता येईल का, की गिअरच्या सायकली मिळेपर्यंत थांबावे?
— एक शिक्षिका, जि. हिंगोली

उत्तर : बाई, थांबू नका. रोज येऊन-जाऊन आठ-दहा किलोमीटर दप्तरासह सायकल चालवणाऱ्या मुलींना पायांचा सराव देण्याची वेगळी गरज नाही, तो त्यांना आहेच. गरज आहे ती एका पान्याची. आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मिळणाऱ्या या सायकलींची सीट पुष्कळदा जशी आली तशी, सर्वांत खाली बसवलेली राहते, आणि मुलगी दोन वर्षांत वीतभर उंच झाली तरी कोणी ती वर घेत नाही. गुडघे हँडलपर्यंत येतात, मांड्या भरून येतात आणि ‘सायकल जड आहे’ असे म्हटले जाते. प्रत्येक सीट दर आठवड्याला बोटभर अशी वर घेत जा, एकदम उंच केली तर मुली घाबरतात. सीटच्या दांड्यावर जी खोल रेघ किंवा खूण असते, ती मात्र फ्रेमच्या नळीबाहेर येऊ देऊ नका. टायरमध्ये पुरेशी हवा आणि चेनला तेल, एवढ्यावर याच सायकली किती पळतात हे तुम्हाला दिसेल.

दुसरे काम पंक्चर काढण्याचे. कानस, सोल्युशन, पॅच आणि हवेचा पंप, हे साहित्य शाळेत एका पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि आठवीच्या प्रत्येक मुलीला ते वापरता आले पाहिजे, असे ठरवावे. पंक्चर झाली म्हणून शाळा बुडाली, असे कारण तुमच्या हजेरीत दिसेनासे होईल. ओढणी पाठीमागे गाठ मारून घेणे आणि चेनकव्हर निखळले असेल तर ते आधी बसवणे, हे नियम पहिल्या दिवसापासून असावेत. पाळीच्या दिवसांत एखादीला सराव नको असेल तर तिने कारण न सांगता बाजूला वेळ नोंदवण्याचे काम घ्यावे, अशी सोय ठेवा. वेळ नोंदवणारी मुलगी त्या दिवशी का बसली आहे, हे मग कोणी विचारत नाही.

शर्यतींसाठी शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. वाट जिल्हा, विभाग आणि राज्य अशी जाते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात सत्राच्या आरंभीच नावनोंदणीची चौकशी करा, कारण मुदत उलटून गेल्यावर परिपत्रक हाती पडले, हे खेड्यातल्या शाळांचे नेहमीचे दुखणे आहे. सायकलचा कोणता प्रकार चालतो, हेही तिथेच लेखी विचारून घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या इंगळी गावच्या पूजा दानोळे हिने खेलो इंडिया स्पर्धांत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली, ही गोष्ट मुलींना जरूर सांगा, परंतु २२ जणींपैकी ज्या एक-दोघी खरोखर वेगळ्या निघतील त्यांच्यासाठीच गिअरच्या सायकलची खटपट करा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सायकलींचा ट्रॅक आहे. सहलीला पुण्यास नेलेत, तर परवानगी काढून तो अवश्य दाखवा. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि पाय थांबवताही येत नाहीत, हे समजल्यावर मुलींचे जे चेहरे होतात ते पाहण्यासारखे असतात.

प्रश्न : मी ठाण्यात राहते. दीड वर्षापासून आमच्या वसाहतीतल्या मुलांना रविवारी सायकल शिकवते. माझा स्वतःचा अकरा वर्षांचा मुलगाही त्याच गटात आहे आणि तोच सर्वांत जास्त कुरकुर करतो. इतर मुलांशी मी शांतपणे बोलते, त्याच्याशी मात्र आवाज चढतो. त्याला गटातून काढावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काढू नका, पण त्याला शिकवणे सोडा. गटातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे त्याला सोपवा आणि त्या दोन तासांत त्याला सूचना देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असे तिघांत मिळून ठरवा. पहिले दोन रविवार तुम्हाला जीभ चावून बसावे लागेल. घरी परतताना लिफ्टमध्ये ‘आज वळताना चुकलास’ हे वाक्य ओठांवर येईल, तेही गिळावे. सायकलचा विषय त्याने काढला तरच बोलावे आणि त्याने विचारले तेवढेच बोलावे.

तो कुरकुर का करतो, याचे एक कारण मी पाहिले आहे, ते तुमच्याकडेही आहे का ते पाहा. शिकवणाऱ्याचे मूल सर्वांच्या आधी उठते, बाटल्यांत वाळू भरते, फक्की मारते, आणि वर्ग संपल्यावर सगळी मुले वडापाव खायला पळाली की तेच एकटे बाटल्या गोळा करत राहते. या रविवारी बाटल्या उचलण्याची पाळी दुसऱ्या कोणाला तरी लावा आणि त्याला बाकीच्यांबरोबर जाऊ द्या.